नऊ घरांची दिवेलागण

या, बसा. पाय वर घ्या ओट्यावर, खाली मुंग्या हायत. घाईत असाल तर आत्ताच सांगा, कारण ही गोष्ट मधेच सोडून उठलात तर झोप तुमची जाईल. माझं काय, मी जेवलो की झोपतो. गोष्ट हाय आमच्या हिरामणची, पोलिसांची, अन् नऊ बंद घरांची. सगळी खरी सांगतो. जिथं खोटी वाटंल तिथं समजा की मला नीट आठवत नाय.

आमची आळी रोह्यातली, कुंडलिकेच्या अंगाची. संध्याकाळी नदीवरनं वारा सुटला की आख्खी आळी पेंगायला लागते, कुत्री धरून. पोलीस ठाणं कुठलं ते विचारू नका, माणसं चांगली होती, उगाच नाव कशाला घ्या.

तर हिरामण. कंपनीत तेहतीस वर्षं शिफ्ट केली. तेहतीस वर्षं गळ्यात फोटोवालं कार्ड. रिटायर झाला त्या दिवशी गेटवरच्या पोरानं कार्ड मागून घेतलं, कात्रीनं कोपरा कापला अन् खोक्यात टाकलं. माणसाला शाल दिली, नारळ दिला, पण त्या कात्रीचा आवाज काय त्याच्या कानातनं गेला नाय. त्यानंतर हिरामण घराबाहेर पडताना छाती चाचपायचा. भाजी आणायला निघाला तरी चाचपायचा, आंघोळीला निघाला तरी चाचपायचा. बायको चंद्रावती म्हणायची, "अवो, दुखतं का तिथं?" हा म्हणायचा, "नाय गो. हलकं वाटतं." तिला ते काय कळायचं नाय. कार्ड कधी गळ्यात घातलेलं नसंल तर तुम्हालाबी कळायचं नाय.

फाल्गुन लागला. शिमगा आला की आमची आळी निम्मी रिकामी होते. कोण कासूला, कोण नागोठण्याच्या पलीकडं, कोण कोलाडच्या आत. जो तो आपल्या गावच्या होळीला, पालखीला. दारांना कुलपं. मागल्या वर्षी दोन घरं फुटली होती. एका घरातनं चोरानं गॅसची शेगडी नेली अन् जाताना तिच्यावरचं दूध तेवढं उतरवून ठेवलं. म्हणून या वर्षी ठाण्यातला पुंडलिक हवालदार समाजमंदिरात आला, बैठक घेतली. म्हणाला, ठाण्याच्या नव्या इन्स्पेक्टर मॅडमनी योजना काढली हाय, आळी अन् पोलीस मिळून राखण करायची. प्रत्येक आळीनं एक माणूस द्यायचा, पोलीस मित्र.

"पगार?" कोणतरी विचारलं.

"पगार नाय. शिट्टी मिळंल. अन् कार्ड मिळंल. फोटोवालं, मॅडमच्या सहीचं, गळ्यात घालायचं."

हिरामणचा हात इतका वर गेला की पंख्याला लागायचा राहिला.

आता तुम्हाला वाटंल, हात वर केला, कार्ड मिळालं. सरकारी कार्ड हाय ते, आंबा नाय झाडाखाली पडायला. आधी फोटो. हिरामणला फोटोत डोळे उघडे ठेवता येत नायत. तेहतीस वर्षं जागरणं केलेला माणूस, खुर्चीत बसवून "हलू नका" म्हटलं की त्याला पेंग येते. फोटोवाल्यानं अकरा फोटो काढले, अकराही झोपलेले. शेवटी त्यातल्या त्यात जागा वाटणारा एक निवडला. पुंडलिकनं तो हातात धरून बराच वेळ बघितला. म्हणाला, "दादा, राखणदाराचा फोटो हाय. चोर काय म्हणंल?"

मग चारित्र्याचा दाखला. तो देणार पोलीस. म्हंजे पोलिसांना मदत करायची तर पोलिसांकडनंच लिहून आणायचं की या माणसाचं पोलिसांत काय नाय. हिरामण म्हणाला, "हवालदारसाहेब, तुम्ही तर मला वीस वर्षं वळखता."

"तीच पंचाईत हाय दादा. वळखतो म्हणून लिहिता येत नाय. चौकशी करून लिवायला लागतं."

शेवटी ठरलं ते असं. अर्ज घेतला, दाखल्याची चौकशी चालू ठेवली, शिट्टी आजच दिली. शिमग्याचे पाच दिवस आळीत काय वावगं झालं नाय, तर रंगपंचमीला मॅडमच्या हातनं कार्ड. झालं, तर कार्ड नाय. हिरामणनं पेणला चंद्रावतीला फोन लावला. ती लेकीच्या, नमिताच्या बाळंतपणाला तिथं गेली होती. म्हणाला, "गो, रंगपंचमीला कार्ड." ती म्हणाली, "बरं. मुलगी झाली. तीन किलोची." हा म्हणाला, "निळी फीत हाय कार्डाला." तिनं फोन ठेवला. मग तासाभरानं यानंच परत फोन करून विचारलं, "मुलगी म्हणालीस का तू?"

पुंडलिकनं जाताना सगळ्यांना एक मंत्र दिला. "चोर पयलं काय बघतो? दिवेलागणीला दिवा नाय, आवाज नाय, दोरीवर कपडा नाय, मग तो म्हणतो, या. म्हणून घर नांदतं दिसलं पायजे. माणूस नसू दे. नांदतं दिसू दे."

बस. या एका वाक्यानं पुढं सगळं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासनं हिरामणच्या ओट्यावर रांग. नऊ घरांच्या नऊ चाव्या, अन् चावीबरोबर सूचना. विमलबाई आल्या. त्यांचा नवरा वारल्यापासनं त्यांनी एक संध्याकाळ देवापुढचा दिवा चुकवला नव्हता. म्हणाल्या, "तुळशीला पाणी, देवापुढं दिवा. दिव्याला तिळाचं तेल, गोडं नाय. अन् दिवा लावला की लगेच पळायचं नाय हां हिरामणभाऊ. घटकाभर बसायचं. दिव्याला एकटं वाटतं."

दाजी आला. दाजी म्हंजे आळीतला सगळ्यात हुशार माणूस, हे त्याचंच म्हणणं. म्हणाला, "माझ्या माशांना खाणं घाल, काचेच्या पेटीत हायत सात. अन् माझी लुंगी दोरीवर टाक. पण रोज तीच टाकू नको, चोर काय आंधळा हाय? एक दिवस हिरवी, एक दिवस चौकड्याची." जरा पुढं जाऊन परत आला. "अन् नुसती लुंगी काय कामाची? लुंगी चालायला पायजे."

एकाच्या घड्याळाला किल्ली द्यायची, एकाच्या मांजरीशी दोन शब्द बोलायचे, एकीची सुकट गच्चीवर, ती उलटायची. हिरामणनं सगळं वहीत लिहून घेतलं. कंपनीत लॉगबुक भरायची सवय. कुठला वाल्व कधी उघडला, कधी बंद केला.

होळीच्या दिवशी दुपारपर्यंत आळी रिकामी. मागं राहिली चारपाच माणसं, हिरामण, अन् समोरच्या खिडकीत इंदुबाई. इंदुबाईंचं वय कोणाला माहीत नाय. आठवड्याखाली एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला. डॉक्टरनं हिरवा चष्मा दिला, अन् सांगितलं डोळ्याला आराम द्या. त्यांनी आराम दिला तो असा की दिवसभर खिडकीत बसून दुसऱ्या डोळ्यानं आळी बघायच्या.

पयल्या दिवशी हिरामण कामाला आल्यासारखा फिरला. कुलूप उघड, बटण दाब, पाणी घाल, कुलूप लाव. अर्ध्या तासात नऊ घरं. वहीत टाइम टाकला. पण विमलबाईंकडं आला, तिळाचं तेल घातलं, वात पेटवली, अन् सांगितलंय म्हणून घटकाभर बसला. झोपाळ्यावर. बाहेर नदीवर उजेड विरघळत चाललेला. कुठल्यातरी परसातल्या आंब्याचा मोहर वाऱ्यावर येत होता, जात होता. दिव्यानं भिंतीवर विमलबाईंच्या नवऱ्याचा फोटो जरा हलवला. झोपाळा आपसुक चालू झाला. अन् हिरामणला वाटलं, घर श्वास घेतंय. खरंच. बंद घर उघडल्यावर आधी छाती दाबून बसतं, अन् मग दिवा बघून हळूच सोडतं, तसं. तो उठताना म्हणाला, "येतो गो. बरी हायस ना?" विमलबाईंना नाय. त्या कासूला होत्या. घराला.

दुसऱ्या दिवसापासनं त्याला अर्ध्या तासात उरकंना. घड्याळाला किल्ली देऊन आला तर मागनं टिकटिक हाक मारल्यासारखी. परत गेला, पाच मिनिटं बसला. मांजरीशी दोन शब्द बोलायचे होते, ते दोनशे झाले. कंपनीतलं सगळं सांगितलं तिला, कात्रीपर्यंत. एका घरात स्वयंपाकघरात नुसता उभा राहून भांडी वाजवली, बाहेर ऐकू जावं म्हणून. एका घरात खोकला. एका घरात टीव्ही लावला, मालिकेत सासू सुनेला घराबाहेर काढत होती, तो तसाच बसला. जाहिरात लागल्यावर ध्यानात आलं की आपलं हे घर नव्हे.

अन् दाजीच्या घरी? दोरीवर हिरवी लुंगी टाकली, जरा लांबनं बघितली. नुसती लटकत होती. दाजीचं वाक्य आठवलं, लुंगी चालायला पायजे. मग काय, प्यांटवरनं ती लुंगी गुंडाळली, अन् दाजीच्या पडवीत इकडनं तिकडं, तिकडनं इकडं, हात मागं बांधून, दाजी चालतो तसा. अन् घर नांदतं दिसावं म्हणून आत तोंड करून मोठ्यानं, "अगो, चहा टाक! किती वेळ?" आतनं उत्तर नाय. हा परत, "कानात काय बोळे घातलेस?" सात मासे काचेला तोंड लावून बघत होते.

सांगायची गोष्ट ही की हिरामण त्या चार संध्याकाळी नऊ घरांचा मालक होता. झोपताना त्याला आपलं घर कुठलं ते जरा आठवायला लागायचं. चंद्रावतीचा फोन आला तर म्हणाला, "गो, सुकट उलटायची राहिली." ती म्हणाली, "आपल्याकडं सुकट कुठं हाय?" हा म्हणाला, "व्हय की."

पाचव्या दिवशी सकाळी इंदुबाईंनी खिडकीतनं हाक मारली. "ये हिरामणा! तू म्हणं पोलीस झालास?"

"पोलीस मित्र, इंदुबाई."

"ते काय ते. डोळे फुटले काय तुझे? दाजीच्या घरात माणूस शिरतो."

हिरामण खिडकीखाली आला. "कोण माणूस?"

"मला काय माहीत? रोज दिवेलागणीला. दाजीची लुंगी नेसून पडवीत फिरतो, अन् बाईला शिव्या घालतो. म्हंजे बाईबी आणलीय मेल्यानं. अन् तो एकटा नाय. विमलच्या घरात एक झोपाळ्यावर बसतो. पलीकडं एक खोकणारा हाय, क्षयाचा असंल. एक मांजरीशी बोलणारा, तो डोक्यानं गेलेला. पाच-सहा जण तरी हायत."

हिरामणनं वही काढली. "वर्णन सांगा. लुंगीवाल्याचं."

"ठेंगणा. पोट सुटलेलं. मान खांद्यात गेलेली. चालतो असा की जसं कोणतरी मागनं ढकलतंय. वय असंल सत्तर. अन् तोंडावर भाव असा, झोपेतनं उठवल्यावाणी. चोराच्या जातीला पण शोभत नाय."

हिरामणनं शब्दन् शब्द लिहून घेतला. असला गबाळा माणूस आपल्या आळीत शिरतो, याचाच त्याला राग आला. अन् मग बोटांवर हिशोब केला. दिवेलागणीला तर तो स्वतः दाजीच्या घरात असतो! म्हंजे आपण तिथं असताना हा माणूस तिथं असतो, अन् आपल्याला दिसत नाय. किती सराईत असंल! रंगपंचमी उद्यावर. कार्डाची निळी फीत त्याच्या डोळ्यापुढनं वाऱ्यावर उडून चालली.

तो धावत ठाण्यात गेला. रीतसर तक्रार दिली. संशयित ठेंगणा, ढेरपोट्या, वय सत्तर, भाव झोपाळू. खाली सही केली, पोलीस मित्र, मंजुरी बाकी. पुंडलिकनं वाचलं.

"तुम्ही त्या टायमाला कुठं होता?"

"तिथंच होतो. मला कोण दिसलं नाय."

पुंडलिकला वाटलं होतं की हिरामण दारातनं हात घालून बटण दाबतो अन् घरी जातो. कोणालाबी तसंच वाटलं असतं. तो गंभीर झाला. म्हणाला, "हा तुमच्यावर पाळत ठेवून हाय दादा. आज सापळा लावतो. तुम्ही आज घराबाहेर पडायचं नाय. आज दिवे नाय. काय झालं तरी."

संध्याकाळ झाली. हिरामण आपल्या ओट्यावर बसला. नदीवरनं अंधार पायऱ्या चढून आळीत आला, अन् त्याला अडवायला एकपण दिवा नाय. घरं एकामागनं एक मिटत गेली. अशी की जशी माणसं एकेक करून बोलायची थांबतात अन् मग कोणीच काय बोलत नाय. हिरामणनं आपल्या घरातला दिवा लावला, तर तो जास्तच एकटा दिसला.

त्याला वाटलं, विमलबाईंचा दिवा तेवढा लावून येऊ. एवढ्या वर्षांचा हाय, आज माझ्यामुळं चुकायला नको. कोण बघतंय? अन् शिट्टी हाय की गळ्यात. तो मागच्या बोळातनं गेला. दिवा लावला. घटकाभर बसला. बाहेर आला तर शेजारचं घर बघतंय. म्हणजे घर बघत नसतं, पण तुम्ही उभे राहून बघा कधी. त्याला राहवंना, तिथंबी लावला. मग तिसऱ्या घराचं काय चुकलं? असं करत करत आठ घरं झाली. आळी परत हळूहळू पुटपुटायला लागली. राहिलं दाजीचं.

मासे उपाशी होते, हे त्याचं नंतरचं म्हणणं. खाणं घालायला गेलेला माणूस लुंगी कशाला नेसंल, हे मॅडमनीबी विचारलं. सवय, दुसरं काय. दाराचं कुलूप काढलं, चौकड्याची लुंगी गुंडाळली, पडवीत दोन फेऱ्या घातल्या, अन् आत तोंड करून ओरडला, "अगो, चहा झाला का नाय?"

आतनं, अंधारातनं, बाप्याचा आवाज आला. "हात वर कर!"

आता पुंडलिक अन् दोन शिपाई तासभर दाजीच्या स्वयंपाकघरात उकाड्यात बसले होते. मागच्या दाराची कडी बाहेरनं काडीनं निघते हे आळीत सगळ्यांना ठाऊक, पुंडलिकलाबी. त्यांना दारात दिसला ठेंगणा, ढेरपोट्या, लुंगीतला, उजेड पाठीमागनं. अन् हिरामणला दिसले आत तीन काळे आकार. तो किंचाळला नाय, हे लक्षात घ्या. तेहतीस वर्षं कंपनीत काढलेला माणूस, धोका दिसला की पयला वाल्व बंद करतो. त्यानं दार ओढलं, कडी घातली, कुलूप ठोकलं. शिट्टी मारत घराला वळसा घालून मागं गेला, मागच्या दाराला कपडे वाळत घालायचा बांबू आडवा लावला. आतनं शिट्टी, बाहेरनं शिट्टी. पुंडलिक आतनं ओरडतोय, "पोलीस हाय, पोलीस!" अन् हा बाहेरनं, "मीबी पोलीस हाय!" मग उभ्या उभ्या ठाण्यात फोन लावला, थेट मॅडमनाच. "मॅडम, तीन पकडले! कोंडून ठेवलेत! बाई अजून सापडली नाय!"

मॅडम जीप घेऊन आल्या. चारपाच माणसं जमली. हिरामण छाती पुढं काढून दाराशी उभा, लुंगीत. कुलूप काढलं. आतनं घामानं भिजलेला पुंडलिक आला, त्याच्यामागं दोन शिपाई. एकाच्या टोपीत माशांचं खाणं सांडलेलं. तेवढ्यात इंदुबाई काठी टेकत आल्या, हिरवा चष्मा कपाळावर सारला, हिरामणच्या तोंडापाशी तोंड नेलं.

"हाच तो मेला! हाच! पोट बघा!" अन् मग जरा थांबून, हळू आवाजात, "अगो बाई. हिरामणा, तू हायस व्हय?"

हिरामणनं खाली बघितलं. लुंगी बघितली. पोट बघितलं. मग खिशातनं वही काढून आपणच लिहिलेलं वर्णन वाचलं, ठेंगण्यापासनं झोपाळूपर्यंत, अन् एकेक गोष्ट जुळत गेली तसा तो आणखी ठेंगणा होत गेला.

रंगपंचमीला सकाळी त्याला ठाण्यात बोलावलं. पोरं रस्त्यावर रंग खेळत होती. कोणी त्याला रंग लावला नाय. माणसाची अवस्था बघून पोरांनाबी कळतं.

मॅडम टेबलामागं. पुढं दोन कागद. एक चारित्र्याच्या दाखल्याचा, एक तक्रारीचा. मॅडम म्हणाल्या, "काका, अडचण अशी आहे. तुमच्या दाखल्याच्या चौकशीत एक तक्रार निघाली आहे. संशयित तुम्ही. तक्रारदार पण तुम्ही."

"मग मी मागं घेतो मॅडम."

"तसं नाही होत. घरमालकांनी लिहून द्यायला हवं की काही गेलेलं नाही."

मालक आदल्या रात्री निरोप मिळून सकाळच्या पयल्या गाडीनं परत आले होते. तेबी आले ठाण्यात, हिरामणकडं न बघता. आपल्या झोपाळ्यावर दुसराच बसला, आपल्या टीव्हीवर मालिका बघितली, आपली लुंगी नेसली. बरं वाटतं काय कोणाला? दाजी म्हणाला, "काय गेलं नाय. पण लुंगीची शिवण उसवलीय." पुंडलिकनं तेबी लिहिलं.

मग विमलबाई उठल्या. "मॅडम, माझं जरा येगळं हाय. मी सकाळी कुलूप काढलं. चार दिवस घर बंद ठेवलं की दार उघडल्यावर एक वास येतो. मातीचा, भिंतीचा. आपल्याला कोणी नव्हतं असा वास. माझा नवरा गेला तवापासनं मी कुठनंबी परत आले की तो वास पयला येतो, अन् मी आधी खिडक्या उघडते, मग चपला काढते. आज आला नाय. मी दारात उभी राहिले. चपला काढल्या अन् आत गेले, जसं आतनं कोणतरी बोलावतंय. एवढंच."

पुंडलिक म्हणाला, "मॅडम, हे कसं लिहू?"

"लिहा, वास आला नाही."

त्यानं लिहिलं. घड्याळवाल्यानं मान हलवली. मांजरवाली म्हणाली, माझी मांजर तर याच्याच दारात जाऊन बसलीय सकाळपासनं. तक्रार बंद झाली.

मॅडमनी खण उघडला अन् कार्ड बाहेर काढलं. निळी फीत, प्लास्टिकमधे फोटो, खाली सही. टेबलावर ठेवलं. "काका, दाखला आता होईल. कार्ड आजच देते. पण इथं सही करा. पोलीस मित्र बाहेरून लक्ष ठेवतो. कोणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही. कोणाची चावी ठेवायची नाही. काल माझी तीन माणसं कोंडली गेली, उद्या तुमच्यावर खरंच चोरीचा आळ येईल, तेव्हा मी काय करू?"

अन् ते चूक नव्हतं, हे हिरामणलाबी कळत होतं.

त्यानं पेन घेतलं. डावा हात आपसुक कार्डाकडं गेला, फितीला लागला. गुळगुळीत होती. सगळे बघत होते. पुंडलिकनं कुठं सही करायची तिथं बोट ठेवलं.

"मॅडम," हिरामण म्हणाला, "दिवा बाहेरनं कसा लावायचा?"

मॅडमनी त्याच्याकडं बघितलं. "टायमरवाले बल्ब मिळतात आता, काका. आपोआप लागतात."

"लागत असतील. पण घटकाभर बसणार कोण?"

हिरामणनं फीत नीट गुंडाळली, कार्डावर ठेवली, अन् दोन बोटांनी ते परत मॅडमकडं सरकवलं. हळूच सरकवलं हां, रागानं नाय. शिट्टीबी काढून ठेवली. मग हात जोडले अन् बाहेर आला. दाजी मागनं आला, काय बोलावं ते कळंना, म्हणून म्हणाला, "उसवलीय ती चौकड्याची. हिरवी धड हाय."

आता ते होऊन महिना झाला. घरं भरलीत. ज्याची त्याची चावी ज्याच्या त्याच्या कडोसरीला. आंब्याचे दिवस आलेत, गावची माणसं इकडंच येतात, आळी सोडून जायला कोणाला सवड नाय. दिवेलागणीला हिरामण ओट्यावर येऊन बसतो. समोर एकामागनं एक दिवे लागतात, ज्याचे त्यानं लावलेले. तो बघतो. कुठनं खोकल्याचा आवाज येतो, कुठं भांडी वाजतात, खरीखुरी. त्याला आनंद होतो, नाय असं नाय. पण हात मांडीवर रिकामे पडलेले असतात, अन् चंद्रावती आतनं म्हणते, "अवो, आपला दिवा लावा की." तो उठतो, लावतो, अन् त्याच्यापाशी घटकाभर बसतो. एकाच दिव्यापाशी किती बसणार माणूस?

म्हणून तुम्हाला म्हणतो, तुम्ही आळीत नवे, तुमचं घर वळणावरचं, दोन खोल्यांचं, अंधार तिथं जरा लवकरच होतो. तुम्ही दोन दिवस कुठंतरी जा ना. कोलाडला कोणी पावणे असतील, पेणला असतील, नसतील तर काढा. दोनच दिवस. अन् जाताना चावी माझ्याकडं नको, त्याच्याच हातात द्या.